माळावरचे खड्डे : खान्देशातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पर्यावरण शिकवणारे माझे सर्व सहकारी, तसेच या विषयांचे अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. काही गोष्टी नोकरीत असतानाच बोललेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र.

२०१९ चा जुलै महिना होता. राज्यभर ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम चालू होती. आमच्याकडेही रोपं येऊन पडली होती आणि त्यांच्यासाठी जागा हवी होती. साक्री तालुक्यातल्या एका गावाबाहेरचा माळ मी स्वतः जाऊन पाहून आले. उघडा, दगडगोट्यांचा, वर्षातले सात-आठ महिने पिवळा. सातबाऱ्यावर गायरान आणि बोलताना सगळ्यांच्या तोंडी ‘पडीक’. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आणि माझा तृतीय वर्षाचा वर्ग असे आम्ही टिकाव, फावडी, पहारी घेऊन सकाळी तिथे पोचलो. दोन पाऊस होऊन गेले होते, माळ नुकताच हिरवा झाला होता.

एक म्हातारे ठेलारी मेंढपाळ आपल्या मेंढ्या घेऊन उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बराच वेळ आमचं खोदकाम पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “आठे झाडं लावशात, मंग आम्हना मेंढ्या काय खातीन?”

मी म्हणाले, “आबा, झाडं झाली तर पाऊस चांगला पडेल.” हे वाक्य मी तोपर्यंत शंभर वेळा बोलले असेन.

आबा काही बोलले नाहीत. खाली वाकले, खड्ड्याच्या कडेचं एक ठोंब मुळासकट उपटलं आणि जवळच्या मुलासमोर धरलं. “हाई काय शे?” तो मुलगा वर्गात पहिला येणारा. गवताच्या कुळाची लक्षणं त्याला तोंडपाठ होती, कणिशकाची आकृती तर तो अशी काढायचा की मी ती वही पुढच्या वर्गांना दाखवत असे. तो म्हणाला, “गवत.”

आबांनी सांगितलं, पवन्या. मग दोन पावलं पुढे जाऊन मारवेल दाखवला. हे कोवळं असताना मेंढी खाते, हे जून झालं की तोंड लावत नाही, हे वाळलं तरी उन्हाळ्यापर्यंत उभं राहतं. कुसळी अजून फुलोऱ्यावर आली नव्हती, पण पानावरून त्यांनी ती ओळखून दाखवली आणि तिची कुसळं लोकरीत शिरून कातडीला कशी टोचतात तेही सांगितलं. दहा मिनिटांत आटोपलं सगळं. मुलं टिकाव टेकवून ऐकत होती.

मग आम्ही झाडं लावली. त्यातली निम्म्याहून जास्त गिरिपुष्पाची. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली आणि त्यानंतरच्या पावसात उकरलेल्या मातीवर गाजरगवत आणि तरोटा उगवला. खड्ड्यांच्या ओळी लांबून ओळखू येत होत्या. ज्या जागेवर पवन्या होता तिथे तो परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.

चूक माझी होती, कारण जागा मी निवडली होती. पण मला जास्त खुपतं ते दुसरंच. त्या माळावर वनस्पतिशास्त्र शिकलेली तीसेक मुलं होती, दोन वर्षं मी त्यांना शिकवलं होतं, आणि त्यातल्या एकानेही विचारलं नाही की मॅडम, इथे आधीच काय आहे? हा प्रश्न त्यांना सुचावा असं मी काही शिकवलेलंच नव्हतं.

आपण काय शिकवतो ते आपल्याला ठाऊक आहे. जैवविविधतेची व्याख्या, तिचे तीन स्तर, मूळस्थानी संवर्धन आणि मूळस्थानाबाहेरचं संवर्धन, लाल यादीतले प्रवर्ग, भारतात पूर्ण किंवा थोडे तरी येणारे जैवविविधतेचे चार हॉटस्पॉट, म्हणजे समृद्ध पण धोक्यात असलेले प्रदेश. मुलं ही यादी घडाघडा म्हणतात. त्यात पश्चिम घाट असतो, हिमालय असतो. सातपुडा नसतो, आणि माळ तर कुठेच नसतो. त्यामुळे मुलांच्या मनात असं बसतं की जैवविविधता म्हणजे लांबच्या, हिरव्या, पावसाच्या मुलखातली वस्तू. मी एकदा वर्गात विचारलं होतं, आपल्या तालुक्यातल्या जैवविविधतेला सगळ्यात मोठा धोका कशाचा? ग्लोबल वॉर्मिंग, प्लास्टिक, प्रदूषण अशी उत्तरं आली. चांगल्या हेतूने चुकीच्या जागी लावलेलं झाड हाही धोका असू शकतो, हे कोणाच्या मनात आलं नाही. कसं येणार? आमच्या भिंतीवर तेव्हा ‘झाडे लावा, झाडे जगवा’ एवढंच लिहिलेलं होतं.

प्रात्यक्षिकाचंही तेच. शॅनन इंडेक्स, म्हणजे एखाद्या जागेतली जातींची विविधता सांगणारा आकडा, आम्ही प्रयोगशाळेत बरणीतल्या रंगीत मण्यांवर काढत असू. मुलं मणी मोजायची, लॉग काढायची, बेरीज करायची, उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत बरोबर यायचं. सही, पुढचं पान. हा आकडा कमी आला तर काय करायचं, जास्त आला तर काय टाळायचं, आणि तो पाहून कोणी निर्णय घ्यायचा, याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही आणि परीक्षेनेही कधी विचारलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा झाला, त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्याच्या प्रकल्पाच्या फाईली स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्याआधी एकदा तरी आपल्या परिसरातल्या एका खऱ्या प्रश्नावर निर्णय सुचवावा. त्याला शिकवलेलं ज्ञान त्यासाठी वापरावं, आणि ज्यांच्यावर त्या निर्णयाचा परिणाम होणार आहे त्यांच्यासमोर उभं राहून तो मांडावा. सादरीकरण ऐकायला फक्त आपण असू नये.

हे कसं होऊ शकतं ते मी माझ्या वर्गांवर करून पाहिलं आहे. काही जमलं, काही फसलं. सांगते.

सुरुवात रानपिंगळ्यापासून केली, कारण तो आपला आहे. १८७३ साली ॲलन ह्यूम या पक्षितज्ज्ञाने या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाचा नमुना. तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला, अशी त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध भलत्या ठिकाणी झाले. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी संग्रहालयातल्या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली आणि उघड झालं की तो नमुना चोरीचा होता. डेव्हिडसनचाच पक्षी, पेंढा बदलून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला. ती खोटी नोंद बाजूला सारल्यावर जुन्या खऱ्या नोंदींची ठिकाणं उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या जंगलात पोचले आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा दिसला. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो मेळघाटात सापडला, तानशाच्या जंगलातही सापडला.

ही गोष्ट मी माहिती म्हणून सांगत नाही. वर्गाला अर्धीच सांगते आणि थांबते. तुमच्यासमोर जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक खोटी असल्याचा संशय आहे. तुमच्याकडे दोन आठवडे आणि एक जीप आहे. कुठे जाल, आणि का? मुलं नकाशा पसरून बसतात. कोणी म्हणतं, दाट जंगलात. मग त्यांना शोधून काढावं लागतं की या पक्ष्याला विरळ, सागाचं पानगळीचं रान लागतं, तो दिवसाउजेडी हिंडतो-फिरतो आणि साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे ठिपके याच्या डोक्यावर जवळपास नसतात. एका नोंदीची किंमत काय असते हे त्या तासाला कळतं. त्यानंतर माझ्या वर्गात फील्ड नोटबुकात तारीख आणि ठिकाण घालायला मला कोणाला सांगावं लागलेलं नाही.

दुसरा तास मात्र मी ठरवून घेतलेला नव्हता. रानपिंगळा झाडाच्या ढोलीत घरटं करतो, असं मी सांगत होते. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला एक पावरा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे सरपणाला पहिल्यांदा पोकळ झाडच तोडतात. त्याला लाकडाचा भाव नसतो, म्हणून कोणी हटकत पण नाही.”

वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने ताडकन सांगितलं, पोकळ झाडं तोडायला बंदी घालावी. तो मुलगा म्हणाला, “आणि माझी माय चूल कशावर पेटवेल?”

ते वर्ष आम्ही या एकाच प्रश्नावर घालवलं. सगळी पोकळ झाडं राखायची की काही? ढोली किती उंचीवर असली की तिचा पक्ष्याला उपयोग होतो? खोडाचा घेर केवढा? शेताच्या कडेची आणि आत रानातली झाडं सारखीच धरायची का? मुलांनी पाड्याजवळच्या एका पट्ट्यातली उभी आणि वाळलेली झाडं मोजली, ढोल्या टिपल्या, कुठल्या ढोलीत कोण राहतं ते संध्याकाळी बसून पाहिलं. पोपट निघाले, साळुंक्या निघाल्या, एका ढोलीत घोरपड निघाली. रानपिंगळा दिसला नाही, तेही त्यांनी तसंच लिहिलं. शेवटी ठरलं ते असं की जाड खोडाची आणि वर ढोली असलेली झाडं पाड्याने खुणा करून राखावीत, बारीक वाळलेली सरपणाला घ्यावीत. हा उपाय पुरेसा आहे का, मला माहीत नाही. पण “बंदी घाला” म्हणणारी मुलगी आणि “चूल कशावर” म्हणणारा मुलगा या दोघांनी मिळून तो कागद लिहिला. तो पाड्यावर वाचून दाखवताना त्याच्या मायने मध्येच थांबवून सांगितलं की खुणा चुन्याने करू नका, पहिल्याच पावसात जातील. पुस्तकातल्या ‘लोकसहभागातून संवर्धन’ या प्रकरणात इतकं नेमकं काही मला आजवर सापडलेलं नाही.

प्रश्न जंगलातलाच हवा असं काही नाही. आठवडे बाजारात श्रावणात कर्टुली येतात, आपल्याकडचे कटुर्ले. भाव चांगला मिळतो म्हणून आता काही शेतकरी बांधावर वेल राखतात. एका विद्यार्थिनीने घरची तक्रार आणली : वेल उदंड फुलतो, फळ धरत नाही. वडिलांनी काय केलं? जे वेल कधीच फळत नाहीत ते वांझ म्हणून उपटून टाकले. कर्टुल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, ही एका मार्काची रिकामी जागा तिने बारावीपासून भरलेली होती. घरच्या बांधावर जाऊन दोन्ही फुलं हातात घेतल्यावर तिला कळलं की वडील दरवर्षी नर वेल उपटत होते. फुलाखाली चिमुकलं फळ असेल तर मादी, नुसता देठ असेल तर नर, एवढंच तिने घरी दाखवलं. रानातल्या कर्टुल्यांचे कंद उकरून नेणारेही आहेत. मग रानातला वेल टिकवायचा असेल तर किती फळं वेलावर पिकू द्यायची, हा पुढचा प्रश्न तिनेच काढला.

रावेर-यावलच्या सहकाऱ्यांकडे तर याहून मोठा विषय दारात उभा आहे. केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस). मैलोन्‌मैल एकाच जातीची, टिश्यू कल्चरने वाढवलेली, एकमेकींची हुबेहूब प्रत असलेली झाडं, त्यांवर मावा आणि मावा पसरवतो तो विषाणू. जनुकीय विविधता नसली की काय होतं हे शिकवायला आपण आयर्लंडमध्ये बटाट्यावरच्या रोगाने पडलेल्या दुष्काळापर्यंत जातो. इथे मात्र मुलाच्या घरचीच बाग रोगट रोपं उपटण्याच्या बेतात असते. आणि इथे एक गाठ अशी आहे जी मुलांनी स्वतः सोडवली पाहिजे. बांधावरची विविधता चांगली, असं आपण सांगतो, पण या विषाणूला काकडीवर्गीय वेल आणि बांधावरची काही तणंच आसरा देतात. मग बांध साफ करायचा का? की कोणतं तण आसरा देतं ते ओळखून तेवढंच काढायचं, आणि माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्यांसाठी बाकीचं ठेवायचं? तण ओळखल्याशिवाय याचं उत्तर निघत नाही. वर्गीकरणशास्त्र कशासाठी शिकायचं, असं मुलं विचारतात तेव्हा त्यांना हा बांध दाखवावा.

आता गावाच्या जैवविविधता नोंदवहीबद्दल. जैविक विविधता कायदा २००२ चा. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असं कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या नोंदवहीची कल्पना मांडली, रुजवली. बरीच वर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि धावपळ उडाली. त्या धावपळीतल्या काही वह्या मी पाहिल्या आहेत. दोन गावांच्या वह्यांत वनस्पतींची यादी शब्दशः एक होती, टंकलेखनाच्या चुकांसकट. तिसऱ्या गावात नदी नाही, तळं नाही, तरी माशांची दोन पानं भरलेली होती. गाव कोणतं आणि वही कोणी केली, हे मी सांगणार नाही. ज्यांनी ती केली त्यांना मुदत होती, आणि मदतीला गावातला बीएस्सी झालेला एकही मुलगा नव्हता. तो मदतीला जाऊ शकतो हे आपण त्याला शिकवलंच नव्हतं.

ही वही नुसती यादी नाही. गावच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांच्या वापराबद्दल वरच्या मंडळांनी निर्णय घेताना या समितीशी सल्लामसलत करायची असते, आणि व्यापारासाठी माल गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार समितीला आहे. वहीत खरी माहिती असेल तर गाव बोलू शकतं. खोटी नोंद काय करते ते त्या मांडवीच्या चिठ्ठीने दाखवलंच आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. आपल्या प्रत्येक महाविद्यालयाने आसपासच्या चार-पाच ग्रामपंचायतींशी बोलून त्यांची नोंदवही आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाशी जोडावी. दरवर्षी नवी फाईल नको. त्याच वहीत यंदाच्या मुलांनी काही पानं तपासावीत, चुका खोडाव्यात, नव्या नोंदी घालाव्यात. कोणी सांगितलं त्याचं नाव त्याच्या परवानगीने लिहावं. एखाद्या दुर्मीळ औषधीची नेमकी जागा जगजाहीर करायची नाही, असं गावाने म्हटलं तर ते ऐकावं. आणि त्या नोंदींतून गावापुढचा एक प्रश्न निवडून त्यावर शिफारस लिहावी, ती ग्रामसभेत वाचावी. दहा वर्षांनी त्या वहीला काय किंमत येईल याची कल्पना करा.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे की यासाठी नवा पेपर काढू नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्टची श्रेयांकं आहेत, समाजाशी जोडलेल्या कामाची आहेत, भारतीय ज्ञान प्रणालीचीही आहेत. जागा झाली आहे, ती कशाने भरायची हे आपल्या हातात आहे. भारतीय ज्ञान प्रणाली शिकवताना प्राचीन ग्रंथांइतकंच माळावरच्या आबांचं गवताचं ज्ञानही त्यात आलं पाहिजे. ते जिवंत आहे आणि त्या पिढीबरोबर जाणार आहे. गुण देताना शिफारस ‘बरोबर’ आली की नाही, यापेक्षा ती कोणत्या निरीक्षणावर उभी आहे, कोणाचा तोटा होतो हे पाहिलं का, आणि आपलं चुकत असेल तर ते कशावरून कळेल हे लिहिलं का, याला गुण द्या. माझ्या वर्गातल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एकाचा शेवट “आमचा अंदाज चुकला” असा होता. जुन्या गुणपत्रिकेत त्याला जागाच नव्हती. मला त्यासाठी भांडावं लागलं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, त्या माझ्याही आहेत. वर्गात ऐंशी मुलं, एसटी वेळेवर नाही, वनखात्याची परवानगी यायला महिने जातात, मुलींच्या घरचे बाहेर पाठवायला तयार नसतात. म्हणून तर कर्टुल्याचं उदाहरण दिलं. तो प्रश्न बांधावरचा आहे, परवानगी लागत नाही. महाविद्यालयाच्या आवारातली वेडी बाभूळ काढायची की ठेवायची, हाही प्रश्नच आहे. बाजारात बसलेल्या मावशीकडे बांबूचे कोंब विकायला आलेले असतात. एका बेटातून किती कोंब काढले तर बेट टिकतं, हे तिला विचारता येतं, आणि बांबूच्या वाढीबद्दल आपण शिकवलेलं तिच्या उत्तराशी ताडून पाहता येतं.

आणि सहल काढायचीच असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जरूर जा, पण बस भरून फोटो काढायला नको. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तिथे सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. पवारांना २०२५ चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तिथल्या बायका वनभाज्यांच्या स्पर्धेत किती भाज्या मांडतात ते पाहून माझ्या मुलांनी वह्या भरल्या, पण परतीच्या बसमध्ये त्यातला एक जण म्हणाला, “मॅडम, आपण भाज्या विचारल्या. नियम कसे ठरवले, कोणी मोडले तर काय केलं, हे विचारायचं राहिलंच.” पुढच्या वर्षी आम्ही तेवढेच प्रश्न घेऊन गेलो.

माळाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. गेल्या तीन वर्षांपासून माझे वर्ग तिथे जातात. बांधकामाच्या तारेची एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली आहे. ती खड्ड्यांच्या ओळीत टाकायची आणि दहा पावलांवरच्या न उकरलेल्या जागेत टाकायची, दोन्हीकडे काय आहे ते मोजायचं. शॅनन इंडेक्स आता तिथे निघतो. पहिल्या वर्षी मुलांना आकड्यांनी चकवलं. खड्ड्यांच्या ओळीतला इंडेक्स काही चौकटींत जास्त आला, कारण उकरलेल्या जागी तऱ्हेतऱ्हेची तणं येतात. “म्हणजे खड्डे खणणं चांगलं का मॅडम?” असं एकीने विचारलं. दोन तास त्यावर वाद झाला. मग त्यांनी जातींची संख्या बाजूला ठेवून कोणत्या जाती, त्या बहुवर्षायू आहेत की एका पावसाच्या, मेंढी त्यातलं काय खाते, माळटिटवी आणि चंडोल अंडी कुठे घालतात, असे रकाने आखले. रकाने भरायला आबांना बसवलं. बरणीतल्या मण्यांनी हा वाद मला वीस वर्षांत एकदाही दिला नव्हता.

मुलांनी ग्रामसभेत तो कागद वाचला. यापुढे झाडं नाल्याच्या काठाने आणि गावठाणाभोवती लावावीत, माळ गवताला ठेवावा, अशी शिफारस होती. सरपंचांनी ऐकून घेतलं. नाल्याचं मान्य झालं. माळाच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर मात्र पुन्हा लागवड होणार आहे, कारण त्याचा निधी आधीच मंजूर आहे. मुलं नाराज झाली. मी त्यांना सांगितलं, त्या तुकड्यावर खड्डे पडण्याआधी चौकटी टाकून घ्या, म्हणजे पाच वर्षांनी कोणी विचारलं तर इथे आधी काय होतं ते कागदावर असेल.

ते काम यंदा दिवाळीच्या आधीच्या रविवारी करायचं ठरलं आहे. पवन्या आणि कुसळी तेव्हा फुलोऱ्यावर असतात, ओळखायला सोपं जातं, आणि आबाही असतात. दिवाळीनंतर ते कळप घेऊन निघून जातात. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी आपली पाच-सहा मुलं घेऊन या. तार आणि दोरी आमच्याकडे आहे. टोप्या आणि पाणी मात्र आठवणीने आणा, माळावर सावली नाही.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका
साक्री तालुका, जिल्हा धुळे